गोळ्या चालू आहेत, पण बरे वाटत नाही

या महिन्यात नाशिक आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांचा विषय जवळपास एकच होता : नैराश्यावर औषध चालू आहे, पण म्हणावा तसा गुण येत नाही, तेव्हा पुढे काय करावे. म्हणून ती चारही पत्रे येथे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. पत्र वाचून निदान करता येत नाही आणि गोळीची मात्राही ठरवता येत नाही; मात्र डॉक्टरांसमोर बसल्यावर काय सांगावे आणि काय विचारावे, हे सांगता येते. उत्तरांचा भर त्यावरच आहे.

प्रश्न : मी त्रेचाळीस वर्षांची असून इंदिरानगरला राहते आणि माध्यमिक शाळेत शिकवते. चार महिन्यांपूर्वी मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचे निदान केले आणि एस्सिटालोप्रॅम १० मिलिग्रॅम व क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम एकत्र असलेली गोळी रात्री घ्यायला सांगितली. पहिल्या आठवड्यातच झोप लागू लागली, पण मन होते तिथेच आहे. फळ्यापाशी उभी राहिले की पुढचे वाक्य सुचत नाही, तपासायच्या वह्यांचा गठ्ठा तसाच पडून राहतो, घरी कुणाशी बोलावेसे वाटत नाही आणि सकाळी अंग जड असते. शिवाय वजन वाढले आहे, केस गळतात, पाळीही अनियमित झाली आहे. दर महिन्याला दाखवायला जाते; डॉक्टर विचारतात, ‘कसे वाटते?’ मी ‘बरे आहे’ म्हणते आणि तीच चिठ्ठी पुढे चालू राहते. एकादशीला आणि संकष्टीला मी गोळी घेत नाही. जाऊबाई म्हणतात, ही औषधे सोडून आयुर्वेदिक काहीतरी सुरू कर. आणखी किती वाट पाहू? डॉक्टर बदलले तर त्यांना काय वाटेल?

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही ओझरती लिहून गेला आहात. डॉक्टर विचारतात आणि तुम्ही ‘बरे आहे’ म्हणता. बाहेर वीस-पंचवीस माणसे ताटकळत बसलेली असतात, समोरच्या डॉक्टरांनी आपल्यासाठी प्रयत्न केले आहेत, त्यांना तोंडावर ‘गुण नाही’ म्हणणे बरे दिसत नाही, असा संकोच आपल्याकडे बहुतेकांना वाटतो. पण त्या दोन शब्दांची नोंद केसपेपरवर होते, आणि ज्या रुग्णाला बरे आहे तिचे औषध बदलायचे कारण डॉक्टरांना उरत नाही. म्हणजे गेले चार महिने तुमच्या नैराश्यावर उपचार चालू आहेत असे दिसत असले, तरी पहिल्या महिन्यानंतर कोणताही निर्णय झालेलाच नाही.

किती वाट पाहावी, याला बऱ्यापैकी ठाम उत्तर आहे. नैराश्यावरच्या औषधांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. योग्य मात्रेत चार आठवडे घेऊनही तसूभर फरक नसेल तर तेव्हाच डॉक्टरांशी बोलावे, आणि सहा ते आठ आठवड्यांत त्या औषधाची पुरेशी परीक्षा झाली असे मानतात. चार महिने ही वाट पाहण्याची मुदत नव्हे.

आता त्या एकत्र गोळीविषयी. तिच्यात दोन वेगळी औषधे आहेत. एस्सिटालोप्रॅम हे नैराश्यावरचे औषध आहे. क्लोनाझेपाम हे चिंता शमवणारे आणि झोप आणणारे औषध आहे, त्याचा परिणाम पहिल्याच रात्री जाणवतो आणि नैराश्य त्याने बरे होत नाही. तुमची झोप पहिल्या आठवड्यातच सुधारली, याचे श्रेय बहुधा या दुसऱ्या औषधाचे आहे. त्यामुळे ‘गोळी निम्मी तरी लागू पडली’ असे तुम्हाला आणि कदाचित डॉक्टरांनाही वाटत राहिले असावे. सकाळचे जड अंग आणि वर्गात शब्द न सुचणे हे नैराश्यामुळे असू शकते, तसेच क्लोनाझेपामच्या गुंगीमुळेही असू शकते. अशी जोडगोळी महिनोन्‌महिने चालू ठेवणे मला स्वतःला पसंत नाही, कारण तिच्यात एका औषधाची मात्रा वाढवायची म्हटली की दुसऱ्याचीही वाढते, आणि क्लोनाझेपामची शरीराला सवय लागते. दोन्ही औषधे सुटी करून देता येतील का, क्लोनाझेपाम हळूहळू कमी करता येईल का आणि एस्सिटालोप्रॅमची मात्रा वाढवून पाहावी का, हे तीन प्रश्न पुढच्या भेटीत जरूर विचारा. प्रौढांमध्ये एस्सिटालोप्रॅम सर्वसाधारणपणे २० मिलिग्रॅमपर्यंत देतात. म्हणजे तुमच्या बाबतीत हेच औषध अद्याप पुरते वापरून झालेले नाही.

उपवासाचे म्हणाल, तर महिन्यात दोन एकादश्या आणि एक संकष्टी धरली तरी तीन रात्री गोळी चुकते. एवढ्यानेच औषध निष्फळ ठरले असे मी म्हणणार नाही, पण ही गोष्ट डॉक्टरांना ठाऊक असायला हवी. या गोळीला जेवणाची अट नाही. ती रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घेतली तरी चालते.

वजन, केस आणि पाळी यांचा तुम्ही उल्लेख केला ते फार बरे झाले. थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले तर हीच लक्षणे दिसतात, जोडीला मरगळ आणि उदासीनताही येते, आणि ते दुखणे अंगात असेपर्यंत नैराश्यावरची गोळी आपले काम नीट करू शकत नाही. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, रक्तातील साखर आणि, विशेषतः घरात पूर्ण शाकाहार असेल तर, बी-१२ जीवनसत्त्व या तपासण्या गेल्या वर्षभरात झाल्या नसतील तर त्या आधी करून घ्याव्यात. पाळीतील बदल वयामुळेही असतील. चाळिशीनंतर पाळी जाण्याआधीच्या काही वर्षांत नैराश्य डोके वर काढते, तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञांनाही एकदा दाखवावे. पित्तासाठी ओमेप्राझोलसारखी गोळी घेत असाल तर तीही सांगा, कारण तिच्यामुळे एस्सिटालोप्रॅमचे रक्तातील प्रमाण वाढते.

जाऊबाईंचा सल्ला मायेपोटी असेल, पण तो पाळू नका, निदान ज्या पद्धतीने त्या सांगतात त्या पद्धतीने तर नाहीच. एस्सिटालोप्रॅम एकदम बंद केले तर चक्कर येणे, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे, विनाकारण चिडचिड होणे असा त्रास काही दिवस होऊ शकतो. क्लोनाझेपाम एकदम तोडणे त्याहून वाईट. झोप पूर्ण उडते, घबराट होते आणि क्वचित फिटही येते. आयुर्वेदिक औषध घ्यायचेच असेल तर ते डॉक्टरांना सांगून घ्यावे. अश्वगंधा निरुपद्रवी समजली जाते, पण तिचा थायरॉइडवर परिणाम होऊ शकतो आणि गुंगी आणणाऱ्या औषधांत तिची भर पडते. ‘सेंट जॉन्स वर्ट’ नावाची वनस्पती ‘नैसर्गिक’ म्हणून ऑनलाइन विकली जाते. ती मात्र या गोळ्यांबरोबर कधीही घेऊ नये, कारण दोन्ही मिळून शरीरातील सेरोटोनिन हे रसायन धोकादायक पातळीला नेऊ शकतात.

पहिल्या औषधाने पूर्ण गुण न येणे हे अपवादात्मक नाही. अमेरिकेत सुमारे चार हजार रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या ‘स्टार-डी’ या मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधावर पूर्ण लक्षणमुक्त झालेल्यांचे प्रमाण साधारण एक तृतीयांशच होते. बाकीच्यांचे औषध बदलले गेले किंवा त्यात भर घातली गेली, आणि त्यांतील काहींना पुढच्या टप्प्यावर गुण आला. मात्रा वाढवूनही उपयोग झाला नाही तर सर्ट्रालिन, व्हेन्लाफॅक्सिन, मिर्टाझापिन अशी वेगळी औषधे आहेत; मूळ औषधाला दुसऱ्या औषधाची जोड देण्याचाही मार्ग आहे. शिवाय तुमच्या पत्रात मानसोपचाराचा, म्हणजे बोलण्यातून होणाऱ्या उपचाराचा, कुठे उल्लेखच नाही. मध्यम ते तीव्र नैराश्यात औषध आणि विचार-वर्तनावर आधारित थेरपी ही जोडी एकट्या औषधापेक्षा सरस ठरते. थेरपीसाठी जाताना समोरची व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेली चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे का, एवढे विचारून घ्यावे. समुपदेशनाच्या पाट्या गंगापूर रोडला आणि कॉलेज रोडला पुष्कळ दिसतात. त्या सगळ्यांमागे तेवढे प्रशिक्षण असतेच असे नाही.

पुढच्या भेटीला जाताना एक कागद सोबत न्या. झोप, भूक, वर्गातील एकाग्रता, वह्या तपासणे, माणसांत मिसळणे, मरणाचे विचार, यांपैकी प्रत्येक गोष्ट औषधाआधी कशी होती आणि गेल्या पंधरा दिवसांत कशी आहे, हे एकेका ओळीत लिहा, आणि चुकलेल्या गोळ्याही लिहा. ‘पीएचक्यू-९’ नावाची, नैराश्याची तीव्रता मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीतही मिळते. तिचे गुण शून्य ते सत्तावीस असतात. आधीच्या गुणांच्या निम्म्यावर आले तर औषधाला प्रतिसाद आहे आणि पाचच्या खाली आले तर लक्षणे जवळपास गेली, असे डॉक्टर धरतात. ती दर महिन्याला भरून नेली तर ‘बरे आहे’ म्हणण्याची वेळच येत नाही. तोंडाने एवढेच म्हणा : ‘डॉक्टर, चार महिने झाले. झोप सुधारली, पण बाकी निम्मेही सुधारलेले नाही. पुढची पायरी कोणती?’

याने चांगल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही. उलट निर्णय घ्यायला त्यांना आधार मिळतो. हे सांगूनही त्यांनी मान वर न करता तीच चिठ्ठी लिहून दिली, तर मात्र खुशाल दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घ्या. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ प्रमाणे आपल्या उपचारांच्या नोंदी मिळवण्याचा हक्क रुग्णाला आहे, तेव्हा जुनी फाइल मागताना ओशाळण्याचे कारण नाही.

प्रश्न : मी वीस वर्षांची आहे, नाशिकला वसतिगृहात राहून शिकते. नऊ दिवसांपूर्वी फ्लुओक्सेटिन सुरू झाले. बरे वाटायचे सोडून एका जागी बसवत नाही, रात्रभर खोलीत फेऱ्या मारते, आणि जगण्यात अर्थ नाही हे विचार पूर्वीपेक्षा जास्त येतात. घरी गोळीचे सांगितलेले नाही. महिन्याने बोलावले आहे, तोपर्यंत थांबू का?

उत्तर : थांबू नका. हा अंक तुमच्या हाती पडेपर्यंत काही दिवस गेलेले असतील, म्हणून पत्र मिळताच तुम्हाला व्यक्तिशः कळवले आहे. येथे ते इतरांसाठी छापत आहोत. पंचविशीच्या आतील काही तरुणांमध्ये फ्लुओक्सेटिनसारख्या नैराश्यावरच्या औषधांच्या पहिल्या काही आठवड्यांत अस्वस्थता आणि आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये लहान मुले व किशोरवयीनांसाठी तशी ठळक सूचना औषधांवर छापायला लावली आणि २००७ मध्ये ती चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केली. औषध वाईट आहे असा याचा अर्थ नाही. सुरुवातीला रुग्णाला लवकर आणि वारंवार तपासायला हवे, असा आहे.

ज्या डॉक्टरांनी गोळी दिली त्यांना त्याच दिवशी फोन करून ‘बसवत नाही’ आणि ‘मरणाचे विचार वाढले’ ही दोन वाक्ये याच शब्दांत सांगावीत. मात्रा कमी करणे, औषध बदलणे किंवा काही दिवस अस्वस्थतेवर दुसरे औषध देणे, यांपैकी काय करायचे ते डॉक्टर ठरवतील. तोवर एकटे राहू नये, गोळ्यांची पाकिटे मैत्रिणीकडे किंवा रेक्टरबाईंकडे द्यावीत आणि घरच्यांपैकी ज्याच्याशी बोलता येते अशा एका तरी माणसाला सांगावे. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येते. विचार हातून काही घडेल इथवर आले असतील तर फोनवर न थांबता जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे किंवा ११२ वर मदत मागावी.

प्रश्न : आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. वडिलांना आम्ही नाना म्हणतो, ते अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. वर्षभरात नैराश्यावरच्या तीन वेगवेगळ्या गोळ्या झाल्या. ऑक्टोबर छाटणीला ते बागेत फिरकले नाहीत. आता जेवण दोन घासांवर आले आहे, तासन्‌तास भिंतीकडे बघत बसतात. सोसायटीचे कर्ज मागेच फिटले आहे. बेबाकी दाखला त्यांच्या हातात दिला तरी म्हणतात, ‘कागद खोटा आहे, जप्ती येणार, माझ्या पापामुळे घर बुडाले.’ नाशिकच्या डॉक्टरांनी दाखल करून शॉक द्यावे लागतील असे सांगितले. भाऊबंद म्हणतात, शॉकने मेंदू कायमचा जातो. आम्ही काय करावे?

उत्तर : बेबाकी दाखल्याचा प्रसंग तुम्ही डॉक्टरांना सांगितला आहे का? नसेल तर आजच सांगा, कारण तीन गोळ्या का लागू पडल्या नाहीत याचे उत्तर त्यात असण्याचा संभव आहे. कर्जाची काळजी नैराश्यात असतेच, पण कर्ज फिटल्याचा कागद हातात असताना तो खोटा आहे आणि आपल्या पापाने घर बुडाले अशी पक्की, कशानेही न हलणारी समजूत होणे याला भ्रम म्हणतात. असे भ्रम असलेले तीव्र नैराश्य नुसत्या नैराश्यविरोधी गोळीला फारशी दाद देत नाही. त्याला भ्रमावरच्या औषधाची जोड द्यावी लागते, किंवा विद्युत उपचार, ज्याला आपण शॉक म्हणतो. आणि नेमक्या याच प्रकारच्या नैराश्यात विद्युत उपचारांचा गुण सर्वांत चांगला येतो, असा दीर्घ अनुभव आहे. नानांचे जेवण दोन घासांवर आले आहे हे लक्षात घेता डॉक्टरांनी आणखी एक गोळी लिहून सहा आठवडे वाट पाहायला सांगितले नाही, हे मला योग्य वाटते.

भाऊबंदांच्या डोळ्यांसमोर जुन्या सिनेमांतील दृश्य आहे. आज हा उपचार भूलतज्ज्ञांच्या उपस्थितीत करतात. रुग्ण सकाळी उपाशीपोटी असतो, शिरेतून काही मिनिटांची भूल आणि स्नायू सैल करणारे औषध देतात, मग डोक्याला लावलेल्या पट्ट्यांतून काही सेकंद नियंत्रित विद्युतप्रवाह देतात आणि त्यामुळे मेंदूत साधारण मिनिटभर फिट येते. अंगाला झटके जवळजवळ बसत नाहीत, पायाची बोटे तेवढी थोडी हलताना दिसतात. रुग्णाला त्यातले काही कळत नाही. अर्ध्या-पाऊण तासात तो चहा मागतो. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, एकूण सहा ते बारा वेळा हा उपचार करतात. भूल आणि स्नायू सैल करणारे औषध न देता तो करण्यास २०१७ च्या कायद्याच्या कलम ९५ ने बंदी घातली आहे, त्यामुळे ‘भूल कोण देणार?’ हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला अधिकारच आहे.

मेंदू कायमचा जातो हे खरे नाही, पण स्मरणशक्तीवर काहीच परिणाम होत नाही असेही कुणी सांगू नये. उपचारांच्या दिवसांतल्या आणि त्याआधीच्या काही आठवड्यांतल्या गोष्टी विसरायला होतात. नवे लक्षात राहण्याची क्षमता बहुतेकांची काही आठवड्यांत पूर्ववत होते, तर त्या काळातल्या काही आठवणी परत न येण्याची शक्यता असते. त्या दिवसांत नानांना बँकेच्या कागदांवर सह्या करायला लावू नका आणि गाडी चालवू देऊ नका. उपचारांआधी रक्तदाब, हृदयाचा आलेख आणि रक्त तपासतात. त्यांना हृदयविकार असेल किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ती माहिती भूलतज्ज्ञांना द्या. संमती मुळात नानांचीच लागते. ते समजून निर्णय घेण्याच्या स्थितीत नसतील तर त्यांच्या नामनिर्देशित प्रतिनिधीची संमती घेतात. रुग्णाने आधी कुणाचे नाव लिहून दिलेले नसेल तर बहुधा ती जबाबदारी तुमच्यावर किंवा तुमच्या आईवर येईल. चुंबकीय लहरींच्या उपचाराविषयीही तुम्हाला कुणी सांगेल. त्याला भूल लागत नाही आणि सौम्य-मध्यम प्रकारांत तो उपयोगी आहे, पण भ्रम असलेल्या आणि अन्न सुटत चाललेल्या रुग्णासाठी मी तो सुचवणार नाही.

गुण आला की घरचे एक चूक हमखास करतात : ‘शॉकने बरे झाले, आता गोळ्या कशाला?’ विद्युत उपचारांनी आलेला गुण पुढे गोळ्यांनी टिकवावा लागतो. त्या बंद केल्या तर पहिल्या सहा महिन्यांतच दुखणे उलटण्याचे प्रमाण मोठे आहे. अशा वेळी पुष्कळदा लिथियमही देतात, त्याची रक्तातील पातळी, थायरॉइड आणि मूत्रपिंड वेळोवेळी तपासत राहावे लागते.

एक गोष्ट मात्र दाखल करण्याची वाट न पाहता आज संध्याकाळच्या आत करा. बागेच्या शेडमध्ये फवारणीची औषधे असतील. ती सगळी कुलपात ठेवा, किल्ली नानांना सापडणार नाही अशी तुमच्याजवळ ठेवा, किंवा शेजारच्या बागाईतदाराकडे नेऊन ठेवा. ज्या घरात कुणी ‘माझ्यामुळे बुडाले’ म्हणत आहे तेथे ही औषधे हाताशी असणे हा सर्वांत मोठा धोका असतो. नानांना रात्री एकटे झोपू देऊ नका. आणि त्यांनी पाणीही घेणे सोडले, तर ठरलेल्या तारखेची किंवा अमावास्या सरण्याची वाट न पाहता १०८ ची रुग्णवाहिका बोलावून रुग्णालय गाठा.

प्रश्न : वय एकतीस, अंबडच्या कारखान्यात पाळीत काम करतो. तीन वर्षांत दोन डॉक्टर आणि चार गोळ्या झाल्या. प्रत्येक गोळी सुरुवातीला जादूसारखी लागू पडते. दोन आठवडे तीन तासांच्या झोपेवरही ताजातवाना असतो, खूप बोलतो, एकदा तर हप्त्यावर दुसरी मोटारसायकल घेतली. मग अचानक सगळे कोसळते आणि गोळीचा असर संपला असे वाटते. आता खासगी डॉक्टरांचा खर्च झेपत नाही. ठाण्याच्या मनोरुग्णालयात जावे लागेल का?

उत्तर : तुम्ही ज्याला गोळी लागू पडणे म्हणता, ते बरे होणे नसावे अशी मला शंका आहे. तीन तासांच्या झोपेवर ताजेतवाने राहणे, बडबड वाढणे, झेपणार नाही असा खर्च करणे ही मन नेहमीच्या पातळीच्या वर गेल्याची लक्षणे आहेत. खाली जाणे आणि वर जाणे अशी दोन्ही टोके ज्यात असतात त्याला बायपोलर आजार म्हणतात. रुग्ण डॉक्टरांकडे जातो तो खाली गेल्यावरच. वर असताना त्याला बरे वाटत असते, म्हणून तो भाग केसपेपरवर येतच नाही. या आजारात नुसती नैराश्यविरोधी गोळी दिली तर मन वर उसळू शकते आणि मग अधिक जोराने खाली येऊ शकते. निदान बदलले तर उपचारही बदलतात : लिथियम, क्वेटियापिन, लॅमोट्रिजिन यांसारखी औषधे मुख्य ठरतात. चालू गोळी मात्र स्वतःहून तोडू नका. सध्या झोप कमी आणि उत्साह जास्त असेल तर याच आठवड्यात दाखवा.

लिथियम सुरू झालेच, तर कारखान्यातील उन्हाळा लक्षात ठेवा. खूप घाम गेला आणि पाणी कमी पडले तर त्याची रक्तातील पातळी वाढते. अंगदुखीवर मेडिकलमधून घेतलेल्या डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनीही वाढते. हातांची जोराची थरथर, उलट्या किंवा तोल जाणे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रात्रपाळीविषयीही बोला. झोप तुटणे हे मन वर उसळण्याचे एक नेहमीचे निमित्त आहे, आणि ठरावीक दिवसपाळी मिळावी असे पत्र डॉक्टर कंपनीला देऊ शकतात. त्यात आजाराचे नाव लिहिलेच पाहिजे असे नाही.

ठाण्याला जाण्याची गरज नाही. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये मुख्यतः दाखल करून करायच्या उपचारांसाठी आहेत. तुम्हाला बाह्यरुग्ण विभाग पुरेसा आहे, आणि तो त्र्यंबक नाक्याजवळच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात, आपल्या सिव्हिलमध्ये, आहे. आडगावच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे. पगारातून कामगार विम्याची कपात होत असेल तर त्या योजनेच्या दवाखान्यातून संदर्भचिठ्ठी घेऊन तज्ज्ञांकडे जाता येते. कंपनीने वेगळा आरोग्य विमा काढला असेल तर तेही पाहा. मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमासंरक्षण देणे २०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांवर बंधनकारक केले आहे, पण अनेक विमे दाखल झाल्यावरच लागू होतात, तेव्हा बाह्यरुग्ण खर्चाचे कलम आधी वाचा.

सिव्हिलला जाताना चारही गोळ्यांची नावे, मात्रा आणि ती किती दिवस घेतली हे तारखांसह एका कागदावर लिहून न्या. जुन्या चिठ्ठ्या नसतील तर मेडिकलच्या बिलांवरूनही ते काढता येईल. सोबत पत्नीला किंवा भावाला न्या, म्हणजे दुसरी मोटारसायकल घेतली त्या दिवसांत तुम्ही कसे होता हे त्यांना सांगता येईल. डॉक्टरांनी विचारले नाही तरी त्यांनी ते सांगावे.